मंगेशच्या गेटासमोर अडकलेली बोरिवली

तर मंगेश पायजम्याची नाडी आवळत गेटाशी आला आणि बघतो तो काय, समोर बस. गेटाबाहेर पाय टाकायला जागा नाही. काल इथपर्यंत आलो आणि जेवायला हाक आली, म्हणून ते अर्धं राहिलं. पण कालच्यातले काही आज दिसत नाहीत, काही नवे येऊन बसलेत, तेव्हा जरा मागे जाऊन सांगतो. ज्यांनी ऐकलंय त्यांनी परत ऐका. भांडण चांगलं असलं की मला ते कितीदाही सांगायला आवडतं, आणि हे तर आमच्या वाडीतलं सगळ्यात चांगलं भांडण.

ही गोष्ट यशोदेची. यशोदा राऊळ. वालावलवरून खाडीच्या कडेने पुढे आलात की आमची वाडी लागते. वाडीच्या टोकाला तिचं घर, त्याच्या अलीकडे तिचा धाकटा दीर मंगेश. दोन घरांना मिळून डांबरी रस्त्यापर्यंत एकच पाणंद. यशोदा कुणाशी गोड बोललेली मी तरी ऐकलेली नाही. म्हशीलासुद्धा ती टोमणा मारून धारेला बसायची. तिचा नवरा हरिश्चंद्र बोटीवर खलाशी होता, शांत माणूस. लोक म्हणायचे, घरात बोलायला मिळत नाही म्हणून बोटीवर गेला. तो वारला त्याच्या बाराव्याला पानं वाढत होते, आणि मंगेश मागच्या बाजूला टेप घेऊन खळ्याची मापं काढत होता. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. यशोदेनेही पाहिलं. तिने त्याच्या पानावर वडा वाढला नाही. तेवढ्यावरून जे सुरू झालं ते सुरू झालं.

ती वेंगुर्ल्याच्या काजू फॅक्टरीत जायची. आमच्या बाजूच्या पुष्कळ बायका जातात. काजूच्या टरफलाचं तेल बोटांना लागून कातडी काळी पडते, सोलते, आणि वर संध्याकाळची गाडी चुकली की फाट्यावर उभं राहा. अशाच एका संध्याकाळी फाट्यावर उभ्या उभ्या यशोदेने जाहीर केलं की आपण बस घ्यायची. बायका हसल्या. यशोदा हसली नाही. नवऱ्यामागे जे हातात आलं होतं त्याचं सोनं कर, जमीन कर, असं सगळे सांगत होते, आणि ही कुडाळच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याच्या मागच्या आवारात जाऊन गवतात उभी असलेली बस बघून आली.

ती बस मुंबईला रात्रीची जायची तिच्या तरुणपणी. आता म्हातारी होऊन निवृत्त झालेली, टायरांत पावसाचं पाणी, आरशावर सुगरणीचं घरटं. ट्रॅव्हल्सवाला सांगायला लागला की गाडी एकदम ठणठणीत आहे, काकी, फक्त पॉलिश मारायचं. यशोदेने घरून कोयता आणला होता. त्याच्या पाठीने ती बसभर ठोकत फिरली, फणस पिकला का बघतात तसं. जिथे आवाज बद्द आला तिथे कोयता आत गेला. मग तिने त्याला विचारलं, "इतकी बरी आसा तर गवतात कित्याक उभी केलंस?" आणि थोड्याच दिवसांत बस आमच्या वाडीत आली.

खालचा पत्रा खाऱ्या हवेने खाल्लेला. सीटवर बसलं की पायांखालून रस्ता पळताना दिसायचा. पत्रा मिळेना मनासारखा, तेव्हा यशोदेने वेंगुर्ल्याच्या जेटीवरून मोडक्या होडीच्या फळ्या आणल्या आणि त्या बसवल्या. काम चोख झालं, पण पाऊस पडून हवा दमट झाली की सगळ्या बसला बांगड्याचा वास सुटायचा. मुंबईवाल्या पुशबॅक सीटा गंजून मागेच राहिल्या होत्या, सरळ होईनात. त्यामुळे बायका फॅक्टरीला आडव्या पडून जायच्या, दवाखान्यात नेल्यासारख्या. आणि काचेवरची "बोरिवली" ही पाटी काही निघाली नाही. बाळा मेस्त्रीने पाना लावला, छिन्नी लावली, शेवटी म्हणाला की हिला काढायला गेलो तर काचही येईल. तेव्हापासून बसचं नाव बोरिवली. सकाळी वाडीत ओरडा व्हायचा, बोरिवली इली गो, आणि बायका डबे घेऊन धावायच्या.

हा बाळा मेस्त्री म्हणजे यशोदेला भगवंताने दिलेला एकमेव माणूस. तिच्याकडे ड्रायव्हर टिकत नसत. एकाला ती म्हणाली तू गाडी चालवतोस की नांगर, तो वेंगुर्ल्यातच उतरून गेला. बाळाचं गॅरेज वेंगुर्ल्यात, घर आमच्या पलीकडच्या गावात. सकाळी बायकांना घेऊन जायचं, दिवसभर लोकांच्या गाड्या खोलायच्या, संध्याकाळी बायकांना घेऊन यायचं, असं त्याचं ठरलं. तिचं बोलणं त्याला लागत नसे. डाव्या कानाने त्याला कमी ऐकू येतं, आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसलं की प्रवासी डाव्या बाजूला.

मंगेशला हे बघवेना. त्याची तेव्हा रिक्षा होती. भावाची बायको बसवाली झाली आणि आपण रिक्षावाले राहिलो, हे त्याच्या घशाखाली उतरेना. रोज सकाळी तो पाणंदीत ब्रश करत उभा राहायचा, ती गाडी जाईपर्यंत. एकदा आडव्या पडलेल्या बायकांकडे बघून म्हणाला, "वयनी, मुडदे नेतंस काय गो फॅक्टरीत?"

यशोदा खिडकीतून म्हणाली, "एक सीट मोकळी आसा. येतंस?"

बस हसली ती डांबरी रस्त्यापर्यंत हसत गेली. मंगेशने त्या दिवशी रिक्षा काढली नाही.

काही वर्षं असं चाललं. बोरिवली थकत गेली. स्प्रिंगचे पाटे बसले, सेल्फ गेला. बायका उतरून ढकलायच्या, इंजिन खोकायला लागलं की धावत चढायच्या. पासिंगची मुदत संपली आणि बाळाने स्वच्छ सांगितलं की आता हिला पुन्हा पास करून घेणं म्हणजे नवी बस बांधणं. फॅक्टरीच्या मॅनेजरनेही कळवलं, अशा गाडीतून बायका आणायच्या नाहीत, दसऱ्यापर्यंत कुणीतरी व्यवस्थित गाडी आणा, जो आणील त्याचं भाडं कायम. मधल्या दिवसांत बायका पुन्हा एसटीने जाऊ लागल्या, फाट्यावर उभ्या राहू लागल्या, आणि मंगेशने रिक्षा विकून, बायकोचं अंगावरचं मोडून सतरा सीटची कोरी गाडी आणली. पांढरी. गेटात उभी केली, हार घातला. गेट म्हणजे काय, लोखंडी, वर दोन सिंह. त्याच पावसात त्याने घराभोवती चिऱ्याचा उंच गडगा घातला आणि घालताना पाणंदीत वीतभर पुढे सरकला. यशोदेला त्रास व्हावा एवढाच हेतू. गडगा चारी बाजूंनी, आत-बाहेर करायला ते एकच गेट, मागे उतार आणि खाली पोफळी. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

यशोदेकडेही बेत होता. फोंडाघाटात सुदेश म्हणून एक माणूस, घाटाच्या पायथ्याला त्याची जागा रस्त्याला लागून. त्याला जुन्या बसमध्ये जेवणाचं हॉटेल काढायचं होतं. सीटांच्या जागी टेबलं, खिडकीतून घाट बघत वडे-उसळ. तो येऊन बस बघून गेला, होडीच्या फळ्यांवर तर तो भलताच खूश झाला. बोरिवली विकून यशोदा छोटी गाडी घेणार होती, तीही ठरलेली होती, कुडाळला उभी होती. पण सुदेशची एक अट. बस स्वतःच्या चाकांवर चालत त्याच्या दारात आली पाहिजे, ओढून आणलेली चालणार नाही. मेलेलं धूड धंद्याच्या जागेत तो उभं करणार नव्हता. आणि दसऱ्याला त्याला तिची पूजा घालायची होती. नाहीतर कणकवलीत दुसरी एक बस त्याने बघून ठेवली होती.

म्हणजे बघा, दसऱ्याच्या आत बोरिवली फोंड्याला गेली तर यशोदेला गाडी, गाडी आली तर फॅक्टरीचं भाडं. नाही गेली तर मंगेशची पांढरी गाडी तयारच. आणि यशोदेला, तिच्या त्या काळ्या बोटांसकट, रोज सकाळी दिराच्या गाडीत चढून त्याला भाडं देत फॅक्टरीला जावं लागलं असतं. ती म्हणायची, त्यापेक्षा मी चालत जाईन. वेंगुर्ला काही जवळ नाही.

मंगेशला सुदेशची अट कळली. आता शहाणा माणूस काय करतो, गप्प बसतो. बोरिवली आपोआपच कुठेतरी बंद पडली असती. पण ह्याला खात्री हवी होती. आमच्या शिवेवर काजऱ्याच्या झाडाखाली राखणदार आहे, एक उभा चिरा, शेंदूर नाही की काही नाही. गावची शीव तो राखतो. कुणाला गाऱ्हाणं घालायचं असेल तर गुरवाला घेऊन तिथे जायचं, नारळ ठेवायचा, मागणं बोलायचं. बरं मागणारे जातात तसे वाईट मागणारेही जातात. मंगेश जितू गुरवाला घेऊन गेला, नारळ ठेवला, आणि म्हणाला, "ह्या बसचा चाक ह्या शिवेच्या भायर पडता नये."

जितू गुरव कुणाला सांगणारा नव्हे. तो आमच्याकडे वीजबिलंही वाटतो, कुणाचं किती आलं तेही कधी सांगत नाही. पण शिवेवर नारळ दिसला, मंगेशच्या स्कूटरची खूण दिसली, वाडीला आणखी काय लागतं?

आता येतो कालच्या जागेवर. बाळा मेस्त्रीने आठवडाभर खपून बोरिवलीला उभं केलं. डिझेलची लाईन साफ केली, पाटे बदलले, आणि त्या सकाळी फोंड्याला निघायचं म्हणून बस पाणंदीत घातली. गडगा वीतभर पुढे आलेला, त्यामुळे बाळा गोगलगायीसारखा चालला होता. पुढचा भाग निघाला, बस निम्मी बाहेर आली, आणि मागच्या चाकातून आवाज आला, कडाड. बेअरिंग गेलं. चाक तिरकं होऊन गडग्याला जाऊन टेकलं, बस कलली आणि बसली. मागचा दरवाजा बरोबर मंगेशच्या गेटासमोर, आणि गेटाच्या आत कोरी पांढरी गाडी.

मंगेश आला, नाडी आवळत. पहिली ओरड केली ती गडगा मोडला म्हणून. मग गेटाकडे बघितलं, मग आपल्या गाडीकडे, मग बसकडे. त्याच्या तोंडावरून जो रंग गेला तो मी आयुष्यभर विसरणार नाही. मी समोरच्या बांधावर बसलो होतो, चहा पिऊन आलो होतो, जागा चांगली होती.

बाळाने जॅक लावला. जॅक सरकला. लाकडाचा ठोकळा घालून परत लावला. ठोकळा फुटला आणि बस बाळाच्या बोटांपासून चार अंगुळांवर खाली आली. त्याने हात झटकला, उठला, आणि तेवढ्यात फॅक्टरीत जाणारी आमची सारिका तिथे होती, तिने त्याच्या चांगल्या कानात शिवेवरच्या नारळाची गोष्ट घातली. बाळाने पाने पुसले, पिशवीत भरले, आणि बोरिवलीच्या पुढच्या सीटवर जाऊन आडवा झाला.

मंगेश म्हणाला, मेस्त्री, माझी गाडी आत आहे, दसऱ्याला वेंगुर्ल्याला दाखवायची आहे, काय लागेल ते देतो. बाळा उठलासुद्धा नाही. "मंगेशदादा, पैशाचो इषय नाय. गाडी लोखंडाची आसा, हात माझो मासाचो आसा. नारळ उचला, मगे बघूया."

मंगेश उसळला. "मी बारावी झालेलो माणूस. नारळबिरळ माका म्हायत नाय."

सारिका तिथून हलली नव्हती. म्हणाली, "मगे जितू गुरव थंय काय तुमचो शाळेचो दाखलो घेवक गेल्लो?"

मंगेशने गडगा फोडून गाडी काढायची म्हणून पहार आणली. बाळाने आडव्या आडव्याच सांगितलं, चाक गडग्यावर रेललंय, गडगा काढलात तर बोरिवली तुमच्या कोऱ्या गाडीवर येईल, बघा बुवा. मंगेशने पहार खाली ठेवली. दुसरे दोन मेस्त्री आणले त्याने कुडाळहून. एक जण नारळाचं ऐकून मागच्या पावली गेला. दुसरा म्हणाला आपला विश्वास नाही, चाकाखाली वाकला, वाकताना त्याची कंबर धरली, त्याला तिघांनी धरून रिक्षात घातलं. त्यानंतर कोण येतो?

मग जे दिवस आले ते आमच्या वाडीचे सोन्यासारखे दिवस. मंगेशच्या घरातून बाहेर पडायचं तर गेटातून निघून बोरिवलीच्या मागच्या दारातून चढायचं, मधून चालत जायचं आणि पुढच्या दारातून पाणंदीत उतरायचं. दुसरी वाटच नाही. आणि यशोदा मळ्यातून फिरून रोज सकाळी येऊन पुढच्या दाराशी बसायची, चिंचा फोडत. मंगेशची बायको शर्मिला दुधाला जायची, यायची. यशोदा तिला एक अक्षर बोलत नसे, फक्त वरचा दांडा वाजवायची, टण, कंडक्टर वाजवतो तसं. मंगेश आला की मात्र त्याला चपला काढायला लावी. फळ्या होडीच्या आहेत, होडीत चपला घालून चढत नाहीत, असं तिचं म्हणणं. आणि ते खरंही आहे, नवी होडी असती तर. चपला हातात घेऊन तो त्या आडव्या सीटांमधून चालत जायचा, त्यात बांगड्याचा वास. दुसऱ्या दिवशी तो ताठ मानेने गेला. पुढे पुढे मान खाली जायला लागली.

पण यशोदेच्याही तोंडचं पाणी पळालं होतं, हे मला दिसत होतं. चिंच फोडताना तिची सुरी दोनदा बोटावर आली. सुदेशचा फोन आला होता. कणकवलीचा माणूस घाई करतोय, दसऱ्याला दारात बस दिसली नाही तर मी तीच घेतो, असं तो म्हणाला. फॅक्टरीच्या बायका संध्याकाळी एसटीतून उतरून बसपाशी जमायच्या. बहुतेकींचं म्हणणं, त्याला कुजू दे. सारिका तर हात ओवाळून म्हणाली, "दसरो होवन जावंदे काकी. गेटात सडांदे ती ह्येची गाडी, हाराबरोबर."

यशोदा म्हणाली, "आणि आमची?"

दोन्ही गाड्या एकाच नारळाखाली होत्या. सुटल्या तर दोन्ही सुटणार, नाहीतर दोन्ही तिथेच. मंगेशचं वाटोळं करायचं तर स्वतःचंही करायचं, आणि यशोदा तसं करणारच नाही असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकलो नसतो.

दसरा तोंडावर आला. एका सकाळी बाळाही येऊन पुढच्या सीटवर आडवा झाला होता, तेव्हा मंगेश चपला हातात घेऊन बसमध्ये चढला आणि पुढे न जाता तिच्यासमोर उभा राहिला. राखणदाराकडे चल म्हणाला. यशोदा म्हणाली कशाला. तो म्हणाला, तुला माहीत आहे. तिने विचारलं काय माहीत आहे. मग तो पुटपुटला. यशोदेने चिंचेचा चिंचोका दाराबाहेर फेकला. "आयकाक येवक नाय. बाळा झोपलो आसा, तेकाय आयकाक येवक व्हया."

मंगेशने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. बांधावर मी होतो, आणखीही मंडळी होती. "ठेवलंय," तो म्हणाला. "नारळ मीच ठेवलंय."

बाळाने सीटवरून मान वर केली आणि परत खाली ठेवली. यशोदा येते म्हणाली नाही, येत नाही म्हणाली नाही. दांडा वाजवला, टण, आणि मंगेश उतरून गेला.

आता आमच्याकडची रीत सांगतो, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. नारळ ठेवायला एकटं जाता येतं, उचलायला एकटं जाता येत नाही. ज्याच्या विरुद्ध ठेवला तो माणूस समोर हवा. गुरव त्याला विचारतो, मनात काही राहिलंय का, आणि त्याने आपल्या तोंडाने सांगायचं. मग नारळ फोडायचा. मागे आमच्यातले दोन भाऊ विहिरीवरून असेच तिथे गेले होते. धाकट्याने पटकन सांगितलं, मन साफ आहे. साफ कसलं, घरून येतानाच तो दात खात आला होता. नारळ फोडला तर आत काळा, कुजका, वास आला. सगळे मागे फिरले आणि ती विहीर अजून तशीच पडून आहे, आत बेडूक आहेत. त्यामुळे राखणदारासमोर खोटं बोलायची कुणाची छाती नाही. आणि यशोदेने मन साफ आहे असं म्हणावं, तर आम्हा सगळ्यांना माहीत होतं की त्या नारळातून काय निघालं असतं.

खंडेनवमीच्या सकाळी मंगेश इस्त्रीचा शर्ट घालून काजऱ्याखाली उभा होता. जितू गुरव हात धुऊन तयार. बाळा मेस्त्री पान्यांची पिशवी घेऊन, कारण नारळ चांगला निघाला की लगेच कामाला लागायचं त्याने कबूल केलं होतं. फॅक्टरीच्या बायकांनी सुट्टी टाकली होती. यशोदेचा पत्ता नव्हता. मंगेश घाम पुसत होता. मग ती आली, मळ्यातून, हातात कोयता. मंगेश दोन पावलं मागे सरला. तिने येता येता म्हशीसाठी गवत कापून आणलं होतं, तो भारा बाजूला टाकला, कोयता त्यात खोवला आणि येऊन उभी राहिली. दोघांच्या मध्ये जितू.

जितूने गाऱ्हाणं घातलं. "तर बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान रागाच्या भरात तुझ्या पायाकडे जा काय मागणा ठेवल्यान, ता आज तो तुझ्याकडसून परत मागता. चुकला आसात तर पोटात घाल, आणि आडलेली वाट मोकळी कर रे म्हाराजा." आम्ही सगळे म्हणालो, व्हय म्हाराजा. मंगेशने नमस्कार केला. मग जितू यशोदेकडे वळला.

शेवट काय झाला ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे तिचं उत्तर नीट ऐकाल. नारळ फुटला तो पांढराशुभ्र, ओंजळभर गोड पाणी. जितूने दोनदा उलटसुलट करून बघितला. बाळाने दुपारपर्यंत बेअरिंग घातलं आणि संध्याकाळी बोरिवली शीव ओलांडून गेली. आज फोंड्याला गेलात तर घाटाच्या पायथ्याला ती दिसेल, आत टेबलं, पाटी तीच. पावसात मासळीचं जेवण मागवलं तर वास ताटातून येतो की फळ्यांतून ते कळत नाही. यशोदेची गाडी दसऱ्याला वेंगुर्ल्याला पोचली. मंगेशचीही पोचली, तिच्या मागोमाग. मॅनेजरने बायकांनाच विचारलं कुणाच्या गाडीत बसणार, आणि सारिकेने सगळ्यांच्या वतीने उत्तर दिलं. मंगेश आता पर्यटक घेऊन मालवणला जातो, त्याचं बरं चाललंय. दोघांच्या गाड्या रोज त्याच पाणंदीतून निघतात आणि एकमेकांना हॉर्न देत नाहीत. गडगा अजून वीतभर पुढेच आहे. यशोदा त्याला रोज जाता-येता घासून जाते, मुद्दाम, आणि रंग लावायचं काम मंगेशचं.

तर जितू गुरव तिच्याकडे वळला आणि म्हणाला, "यशोदाकाकी, मनात काय रवला आसात तर आताच सांग. देवाकडे चोरून चलाचा नाय." ती मंगेशकडे बघत नव्हती. त्या उभ्या चिऱ्याकडे बघत होती, बँकेच्या खिडकीत बघतात तशी. आणि ती बोलली ते शब्द न् शब्द असं:

"सगळा रवला आसा, म्हाराजा. माझो घो गेलो तेच्या बाराव्याक ह्यो माझ्या खळ्याची मापां घेय होतो, ता आसा. माझ्या वाटेत ह्येना गडगो सरकवल्यान, ता आसा. तुझ्याकडे येवन माझ्या गाडयेचा वायट मागल्यान, ता तर तुकाच म्हायत. ह्यातला मी कायएक सोडूचंय नाय, तुका खोटा कित्याक सांगू? तू फक्त बोरिवलीक वाट दी. आमचा भांडाण आमी घरच्या घरात करतलंव, थंय तुझा काम नाय. आणि जितू, नारळ फोडलंस काय एक कवड हडे दी, घरात आमटेक नारळ नाय."